किसनभाऊंची रेघ

शुक्रवार, ४ डिसेंबर १९५९, सकाळी अकरा. जागा : जिनिंगमागचं पटांगण. हजर : बांधकाम समितीचे सभापती किसनराव इंगोले, सभासद रहमानसाहेब, ओव्हरसियर परांजपे, शिपाई दगडू, आणि बांधकाम शाखेचा कारकून म्हणून मी. अर्जदार हिरालालशेठ, मुनीमासह. गैरहजर : तिसरे सभासद, कापूसबाजारात अडकल्यामुळे. हरकतदार : कोणी नाही.

ही नोंद माझ्याच हातची आहे. तिच्यातली शेवटची ओळ किसनभाऊंना मरेपर्यंत पुरली.

आमचं गाव अकोला आणि अमरावतीच्या मधलं, कापसाचं. घर बांधायचं, ओटा काढायचा, गोठ्यावर टिनं टाकायची तर नगरपालिकेचा परवाना लागतो. पद्धत सगळीकडे असते तीच : अर्ज, सोबत नकाशा, ओव्हरसियरचा अहवाल, समितीपुढे विषय, मग ठराव. किसनभाऊ सभापती झाले आणि या क्रमात एक पायरी वाढली. ती कोणत्याही कायद्यात नव्हती. जिथे बांधायचं त्या जागेवर आधी फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, सगळा नकाशा पुऱ्या मापात जमिनीवर काढायचा. भिंती, दारं, मोरी, जिना, सगळं. रेघ आठ दिवस तशीच ठेवायची. ज्याची हरकत असेल त्याने अर्ज लिहायची गरज नाही. समिती पाहणीला येईल तेव्हा त्याने त्या रेघेवर येऊन उभं राहायचं. रेघेवर माणूस उभा असला तर तंटा मिटेपर्यंत परवाना नाही. रेघ मोकळी असली तर तिथेच, उभ्याउभ्या, ठराव.

"लिवता येनारे गावात किती हायेत, बाबू?" ते मला म्हणाले होते. "पन उभं राहाता तं सगळ्यायलेच येते ना?"

किसनभाऊ उंच होते, थोडे पोक काढून चालत. धोतर, आखूड बाह्यांचा सदरा, काळी टोपी. स्वतःची शेती होती, घरी दुभतं होतं, दोन मुलं होती. खिशात फुटाणे असत आणि बोलणं रंगात आलं की समोरच्याच्या हातावर न विचारता चारदोन ठेवले जात. उजव्या हाताची नखं कायम पांढरी. फक्की ते स्वतः टाकत, दगडूला फक्त दोरी धरू देत. घरी जाऊन तोच हात म्हशीवरून फिरवायचे, आणि काळ्या पाठीवर पांढरी बोटं उमटायची. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चिडायच्या, "म्हशीले कायले परवाना देऊन राहिले?"

सभागृहात ते खुर्चीवर बसत नसत. खिडकीशी उभे राहून कामकाज चालवत. "खुर्चीत बसलो का मले झोप येते," म्हणायचे, "आन् मंग लोकायचे घरं कागदावरच बांधल्या जाते." त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते आम्ही पाठच केलं होतं : "कागद कुजबुज करते, बाप्पा. रेघ बोलते."

परांजपे पुण्याहून बदलून आले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक नकाशा मोठ्या काळजीने टेबलावर उलगडला. किसनभाऊंनी मान तिरपी करून पाहिलं आणि विचारलं, "काहून जी साहेब, हे घर झोपून राहते का उभं राहते?" परांजपे लाल झाले. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे नेहमी असेच रागावून बोलतात का?"

मी म्हटलं, "आज ते खुशीत आहेत."

तो नकाशा एका शाळामास्तरांच्या घराचा होता. दुसऱ्या दिवशी जागेवर फक्की पडली. मास्तरांच्या पत्नी कौतुकाने आत शिरल्या, एका चौकोनात उभ्या राहिल्या, इकडून तिकडे वळून पाहिलं, मग खाली बसून हवेतच भाकरी थापून पाहिली. कोपर रेघेबाहेर गेलं.

"हे काय हाय म्हनावं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"स्वयंपाकघर," मास्तर म्हणाले.

"आन् मी भाकर थापू कोठी? तुमच्या डोक्शावर?"

किसनभाऊ इतके हसले की फक्कीची पाटी हातातून सुटली. परांजपेही हसले, आणि त्यांनी तिथेच उकिडवं बसून पेन्सिलीने नकाशा सुधारला. त्या दिवसापासून त्यांची आणि किसनभाऊंची गट्टी जमली. परांजपेंना चुन्याने शिंका यायच्या, तरी ते नाकाला रुमाल बांधून येत.

एकदा एका शिंप्याला दुकानापुढे ओटा काढायचा होता. समोरचा गाडीवान रेघेवर येऊन उभा. शिंपी म्हणे, गल्ली भरपूर रुंद आहे. गाडीवान म्हणे, माझी गाडी वळत नाही. अर्धा तास दोघांच्या बापजाद्यांचा उद्धार झाला. किसनभाऊंनी तोवर सगळ्यांना फुटाणे वाटले. मग गाडीवानाला म्हणाले, "जाय, गाडी आन. रिकामी नोको, कापसाची भरून आन." भरलेली गाडी आली, बैल वळले, मागचं चाक फक्की पुसत गेलं. किसनभाऊ चाकामागून चालत गेले आणि चाकाच्या दुकानाकडच्या बाजूने नवी रेघ ओढली. "घ्या शिंपीबुवा. अठीलोक तुमचं. बाकीचं बैलायचं." शिंपी कुरकुरला, पण मानलं. तो ओटा अजून तसाच आहे, एका कोपऱ्यात गोलसर कापलेला. नव्या माणसाला तो का कापला ते कळत नाही.

या पद्धतीवर त्यांचा फार जीव होता, आणि जीव होता म्हणून तिच्याबद्दल ते आंधळेही होते. कोणी संध्याकाळी घरी येऊन हलक्या आवाजात तक्रार सांगू लागलं की ते हात वर करत : "मले सांगू नोको. रेघेवर ये." एकदा एका आजारी म्हाताऱ्याची हरकत होती, शेजाऱ्याची खिडकी त्याच्या न्हाणीवर उघडत होती. तो उठू शकत नव्हता. किसनभाऊ ऐकेनात. शेवटी त्याच्या नातवांनी त्याला बाजेसकट उचलून आणला आणि बाज रेघेवर ठेवली. खिडकी रद्द झाली. सगळं गाव ती गोष्ट हसून सांगे. परतताना रहमानसाहेब म्हणाले, "भाऊ, बाज उठानेवाले नही होते तो?"

"आला ना थो? मंग?"

रहमानसाहेब लाकडाचे व्यापारी, मोजकं बोलणारे.

आता जिनिंगमागच्या पटांगणाचं. ते मूळचं एका देशमुखांचं, वर्षानुवर्षं पडीक. हिरालालशेठनी ते विकत घेतलं. पटांगणाच्या एका बाजूला पक्का रस्ता, नगरपालिकेची विहीर आणि शाळा. दुसऱ्या बाजूला, नाल्याकाठी, बौद्ध वस्ती. मधून एक पायवाट. वस्तीतली माणसं पाण्याला, शाळेला, कामाला, बाजाराला त्याच वाटेने येत. वहिवाट जुनी होती, पण कागदावर कुठे नव्हती. नकाशात ते पटांगण कोरं होतं.

छप्पन सालानंतर वस्तीने गावाची जुनी, लादलेली कामं सोडली होती. गावातल्या बऱ्याच जणांना ते पचलं नव्हतं. किसनभाऊंना लगेच पचलं असं मी म्हणणार नाही; पहिलं वर्षभर तेही वस्तीचा विषय निघाला की गप्प होत. पण वस्तीने विहारासाठी जागा मागितली तेव्हा तो अर्ज त्यांनीच उचलून विषयपत्रिकेवर घेतला. अर्ज घेऊन आली होती तुळसाबाई तायडे. वेचणीच्या हंगामात बायांची टोळी जमवणारी, चाळिशीची, ठसठशीत बोलणारी बाई. किसनभाऊंच्या वावरातही तिचीच टोळी वेचायला असे.

"जागा भेटन ना जी, भाऊ?" तिने विचारलं. "का नुसता कागद फिरन?"

"भेटन. वस्तीजवयच पायतो. आन् ठराव झाला का फक्की टाकाले मी सोता येतो, तुळसाबाई. दुसऱ्या कोनाले हात नाई लावू देत."

"पाहा बरं. ध्यानात ठेवीन मी."

हे श्रावणात झालं. कार्तिक सरता सरता हिरालालशेठचा अर्ज आला : पटांगणाला चारी बाजूंनी दगडी भिंत, आत कापसाचं गोदाम. किसनभाऊ नेहमीप्रमाणे सकाळी दोरी आणि फक्की घेऊन गेले. वेचणीचे दिवस होते, वस्ती पहाटेच रिकामी झाली होती. घरी होती लहान पोरं आणि तुळसाबाईचा सासरा. म्हातारा दाराशी बसलेला, डोळ्यांनी अधू. संध्याकाळी बाया परतल्या तेव्हा त्याने सांगितलं, भाऊ आल्ते, सोता फक्की टाकून गेले.

नोटीस नियमाप्रमाणे कचेरीच्या फळ्यावर लागली, एक प्रत जिनिंगच्या फाटकावर. वस्तीतलं कोणी ती वाचायला गेलं नाही. त्यांना वाचायची गरजच वाटली नाही. त्यांना रेघ दिसत होती.

आणि मग ते चार डिसेंबर. आम्ही पोचलो तेव्हा पटांगणावर ऊन चढलं होतं. आठ दिवस उलटलेली रेघ एरवी कुठे गुरांनी तुडवलेली, कुठे वाऱ्याने उडालेली असायची. ही जशीच्या तशी होती. तिच्या कडेने जमीन झाडलेली. पाण्याचा सडा. आणि वस्तीच्या बाजूला, रेघेलगत, थोड्या थोड्या अंतरावर झेंडूची फुलं ठेवलेली.

किसनभाऊ थबकले. मग त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो विसरलेलो नाही. "पायलं का, बाबू? लोकायनं रेघेले फुलं वायले! येवढी राजीखुशी म्या कोठी पायली नाई."

रहमानसाहेब फुलांकडे पाहत उभे होते. म्हणाले, "भाऊ, फूल तो मय्यत पे भी चढाते हैं. किसी से पूछ लेंगे?"

"कोनाले इचारता? सारी वस्ती वेचाले गेली. माह्याच वावरात हाये आज." असं म्हणून ते दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे गेले. "काय बुढेबाबा, पायलं का?"

"पायलं जी," म्हातारा हात जोडून म्हणाला. "लय बरं झालं. काम कवा लागन?"

"लागन. पुढच्या महिन्यात लागन."

"चांगलं होईन, भाऊ. पोट्ट्यायले सोय होईन."

किसनभाऊ परत आले आणि म्हणाले, "लिवा, बाबू. हरकतदार कोनी नाई." ठराव तिथेच झाला. शेठच्या मुनीमाने पेढे वाटले.

जानेवारीत पाया खणला गेला आणि भिंत वर यायला लागली, आधी वस्तीच्याच बाजूने. एका मंगळवारी समितीच्या बैठकीत तुळसाबाई आली. एका दिवसाची वेचणी बुडवून आली होती. दारात उभी राहिली. किसनभाऊ खिडकीशी होते.

"भाऊ, थे काय बांधून राहिले?"

"शेठचं गोदाम. काहून?"

"आन् विहार?"

"विहाराचा इषय पुढच्या बैठकीत हाये, तुळसाबाई."

ती दारातून पुढे आली. मग म्हणाली, "तुमी म्हतलं होतं, विहाराची फक्की मी सोता टाकीन. टाकली तुमी. आमी थे रेघ राखली, भाऊ. पोट्ट्यायले तिच्यावर पाय नाई ठेवू देला. गुरं हाकलले. माह्या सुनेनं सडा टाकला रोज. फुलं ठेवले."

किसनभाऊंनी कसंबसं विचारलं, "मंग मले इचारलं काहून नाई?"

"इचाराचं काय त्याच्यात? तुमच्यावर भरोसा होता. आन् फक्की टाकली त्याच दिवशी तुमी आल्ते ना वावरात, दोपारून? धुऱ्यावर उभे राहून वजन पायलं कापसाचं. मी सामनेच होती. तुमी म्हतलं असतं का बाई, तुमची वाट बंद होऊन राहिली, तं माह्या टोळीच्या अठरा बाया सोडून द्या, साऱ्या वस्तीनं उभं राहून दाखवलं असतं त्या रेघेवर."

त्या दिवशी मी किसनभाऊंना पहिल्यांदा खुर्चीवर बसलेलं पाहिलं.

नंतर त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं, आणि त्यातलं काही लागू पडलं नाही. आधी शेठकडे गेले. मी सोबत होतो. शेठ वाईट माणूस नव्हता. चहा पाजला आणि म्हणाला, "किसनभाऊ, मी काय चोरून बांधलं? रेघ तुमची, नियम तुमचा. मी तर आठ दिवस थांबलो. आता भिंत पाडा म्हणता, तर उद्या तुमच्या परवान्यावर गावात कोण भरोसा ठेवील?" किसनभाऊंनी भिंतीत निदान दार तरी ठेवा म्हटलं. शेठने एक लहान दार ठेवलं. ते एक हंगाम उघडं राहिलं, मग विडीच्या ठिणगीने कापूस पेटेल म्हणून त्याला कुलूप लागलं. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे परवाना रद्द करायचा विषय किसनभाऊंनी स्वतः मांडला, त्यांचं आणि रहमानसाहेबांचं मत सोडून सगळी मतं विरुद्ध गेली. अकोल्याच्या वकिलांनी फाईल चाळून परत केली आणि म्हणाले, परवाना देणारेही तुम्हीच आणि मोडणारेही तुम्हीच, हे कोर्टात कसं उभं करू?

वस्तीला आता नाल्यातून वळसा होता. उन्हाळ्यात तो नुसता लांबचा होता. पावसाळ्यात नाला भरला की पोरं शाळेला येत नसत आणि बाया नाल्याचं गढूळ पाणी निवळून भरत.

किसनभाऊंची फक्की थांबली नाही, पण रीत बदलली. रेघ पडली की ते संध्याकाळी, माणसं घरी परतल्यावर, त्या भागातल्या प्रत्येक दाराशी जायचे. "ही रेघ कायची हाय, ठाव हाय का तुमाले?" एवढाच प्रश्न. परवाने रेंगाळू लागले, सभासद वैतागले, अर्जदार चडफडले. मीही एकदा म्हटलं, भाऊ, इतकं कशाला? ते म्हणाले, "रेघेवर कोनी नाई म्हंजे कोनाले हरकत नाई, असं नसते, बाबू. येवढंच मले समजत नोतं." पुढच्या निवडणुकीत ते थोडक्या मतांनी वाचले.

विहाराची जागा मिळाली, वस्तीच्या वरच्या अंगाला. ठराव झाला त्या दिवशी तुळसाबाईने मुद्दाम निरोप पाठवला. किसनभाऊ गेले. सगळी वस्ती जमली होती. तिने फक्कीची पाटी त्यांच्यापुढे धरली. "टाका, भाऊ. तुमचा शबुद होता."

त्यांनी मूठ भरली, वाकले, आणि तसेच राहिले. मग मूठ परत पाटीत सोडली. "तुमीच टाका," म्हणाले. "मी दोरी धरतो."

वस्तीच्या दुसऱ्या बाजूला, नाला न ओलांडता, किसनभाऊंचं स्वतःचं वावर लागत होतं. ते थेट अमरावती रस्त्याला भिडलेलं. एका वर्षी पेरणीच्या वेळी त्यांनी धुऱ्यालगत, बांधाच्या कडेने, एक गाडी जाईल एवढी पट्टी सोडायला लावली आणि वस्तीत सांगून आले, उद्यापासून अठून जात जा. वस्ती त्या वाटेने जाऊ लागली. पण ती होती किसनभाऊंच्या शब्दावर. त्यांना ती नकाशात हवी होती, नगरपालिकेचा रस्ता म्हणून, कोणाच्या मर्जीवर नाही. त्यांनी रीतसर अर्ज केला. सभापतिपदावरून त्या विषयापुरते उठले, रहमानसाहेबांना तिथे बसवलं, आणि स्वतःच्या वावरात फक्की टाकली. वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं, ही रेघ कशाची आहे.

समिती पाहणीला गेली तेव्हा रेघेवर एक माणूस उभा होता. तो त्यांचा थोरला मुलगा, वामन. तिशीचा, शेती तोच पाहत होता.

"काहून उभा हायेस?" किसनभाऊंनी विचारलं.

"हरकत हाय."

"कायची?"

"वावर आजोबायचं हाय, बाबा. माह्याही नावाचं हाय. चूक तुमी केली, तं माह्यं वावर काहून जावं?"

"मंग कोनाचं जावं?"

"शेठचं. त्याच्या भिंतीले हात लावता नाई आला तुमाले, म्हनून माह्या धुरा कापून राहिले."

रहमानसाहेब हळूच म्हणाले, "बेटा, एक वाटच तं हाय."

"चाचा, तुमच्या लाकडाच्या अड्ड्यातून द्या मंग."

वस्तीतली माणसं वाटेच्या टोकाशी उभी होती. तुळसाबाई पुढे आली. "राहू द्या, भाऊ. आमच्यापाई घरात फूट नोका पाडू. नाल्यातून जाऊ आमी."

"नाई," किसनभाऊ म्हणाले. "या खेपेले तुमी राहू द्या म्हनू नोका."

ते जाऊन मुलाजवळ रेघेवर बसले. तंटा मिटेपर्यंत हरकतदारासोबत बसायचं, ही त्यांचीच रीत. वामनही बसला. दुपारी काकूंनी शिदोरी पाठवली. फडक्यात दोन भाकरी आणि झुणका होता. बाप-लेकांनी एकाच फडक्यातून खाल्लं. किसनभाऊंनी स्वतःची अर्धी भाकर वामनकडे सरकवली, त्याने ती घेतली. ऊन कललं तेव्हा वामन उठला, धोतराची माती झाडली आणि म्हणाला, "चालू द्या लोकायले. मी अडवत नाई. पन सही नाई करनार." नियमाप्रमाणे विषय तहकूब झाला. रहमानसाहेबांनी मला तो लिहायला सांगितला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

त्यानंतरच्या निवडणुकीत किसनभाऊ पडले. नवीन समिती आली, फक्कीची पद्धत बंद झाली. आता नकाशा येतो, अहवाल येतो, टेबलावर ठराव होतो. कामं लवकर उरकतात, हे मान्य केलं पाहिजे. वाट चालू राहिली. पण वामनची तिफण, पेरणीचं औत, दर पेरणीला थोडी थोडी आत सरकायची. मुद्दाम म्हणता येणार नाही. बैल वळवताना तसं होतंच. गाडीची वाट हळूहळू दोन माणसांची झाली, मग एकाची.

मी किसनभाऊंना शेवटचं पाहिलं ते सदुसष्ट सालच्या पावसाळ्यात. कचेरीच्या कामाने अमरावतीला गेलो होतो, परतताना मोटार त्यांच्या वावराजवळ बिघडली. उतरलो तर ते वाटेवर होते. हातात काठी, पायात चिखलाने भरलेल्या वहाणा. रस्त्यापासून वस्तीपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. कपाशी नुकती चार पानांवर आली होती.

"काय करून राहिले, भाऊ?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"चालून राहिलो." ते थांबले, दम घेतला. "बाया निंदनाले दुसऱ्या गावी गेल्या, पोट्ट्यायची शाया अजून सुरू नाई. पाय नाई पडले तं गवत धरते, बाबू. गवत धरलं का मंग तिफन येते."

मी म्हटलं, तुम्हाला बरं नाही असं ऐकलं, घरी जा. त्यांनी ते ऐकलंच नाही. खिशात हात घातला, फुटाणे नव्हते, हात तसाच बाहेर काढला. मग विचारलं, "वामनची सही आली का?"

"नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली, जणू पावसाचा अंदाज विचारला होता आणि तो कळला होता. काठी टेकत वळले आणि वस्तीकडे चालू लागले. मोटार सुरू झाली तेव्हा मी मागे पाहिलं. ते वाटेच्या मध्यावर होते, मान खाली, दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या ओळींना धोतर लागू न देता पावलं नेमकी मधे टाकत.

त्याच हिवाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेला सगळी वस्ती आली, त्या वाटेने.

आज दोन वर्षं झाली. मी अजून बांधकाम शाखेतच आहे, आता प्रमुख लिपिक. येत्या मंगळवारी समितीची बैठक आहे. विषयपत्रिका मी काल संध्याकाळी तयार केली. जुन्या तहकुबीतला एक विषय मी दर खेपेस पुन्हा घालतो, नवे सभापती दर खेपेस तो पुढे ढकलतात : इंगोले यांच्या वावरातील वाट सार्वजनिक रस्ता म्हणून नकाशात घेणे. ओव्हरसियरचा अहवाल जोडला आहे. वस्तीचं संमतिपत्र जोडलं आहे, तुळसाबाईच्या अंगठ्यासह. रहमानसाहेबांचं पत्र आहे. वामनरावांची सही नाही. यंदाची पेरणी झाली आहे आणि वाट आता जेमतेम पाऊलभर उरली आहे. उद्या सकाळी कचेरीच्या आधी मला पुन्हा वामनरावांकडे जायचं आहे.